नाक्यावरचं भांडण

दादा,

काल तुमची तेरवी झाली. पाहुणे पांगले, मांडवाचे वासे उतरले, आत्या कितीतरी दिवसांनी दुपारची आडवी झाली आहे. मी ओसरीवर तुमच्या जागी बसले आहे आणि तुमच्याशी भांडावं म्हणते आहे. तुम्ही समोर असतात तर म्हणाला असतात, "आधी पान्याचा घोट घे, मंग भांड." घेतला. आता ऐका.

लोक येऊन तुमच्याबद्दल फार चांगलं बोलून गेले. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर जन्म काढला, पण कुणाच्या गुळाच्या खड्याला हात लावला नाही, म्हणाले. सगळं खरं आहे. मी मान हलवत होते. पण त्यांच्या बोलण्यातला तो शांत, सोशिक माणूस काही मला ओळखू येईना. तुम्ही कमालीचे हट्टी होता. एकदा एक गोष्ट मनात घेतली की घेतली. बाप असून मी तुम्हाला दादा म्हणायचे, कारण आत्या म्हणायची, आणि तिचं ऐकून सारं कनेरगाव म्हणायचं. सगळ्या गावाचा दादा झाल्यावर माणूस हट्टी होणारच, असं आत्याचं म्हणणं. मला ते पुरेसं वाटत नाही.

आपलं भांडण कुठून सुरू झालं ते मी खूप विचार करून ठरवलं आहे. चूक तुमच्या नोकरीची. इकडे निजामाचं राज्य, तिकडे इंग्रजांचा वऱ्हाड, मध्ये रस्त्यावर आडवा बांबू आणि बांबूजवळ तुमची गादी. वाशीमला जाणारं आणि वाशीमहून येणारं जे काही असेल ते थांबायचं, उघडून दाखवायचं, जकात भरायचं, मग पुढं सरकायचं. कापसाच्या गाड्या, हळदीची पोती, तांड्यावरच्या लोकांचे बैल, मशीन डोक्यावर घेतलेला शिंपी, लिंबाची कलमं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणणारा माळी, घड्याळं दुरुस्त करणारा तो चष्मेवाला, बाजाची पेटी घेऊन जत्रेला निघालेली गाणारी माणसं. तुम्ही म्हणायचात, "उघडा." ते उघडायचे, आणि तुमच्या खांद्यावरून मी आत डोकवायचे. ज्या पोरीच्या दारात रोज दुनियेच्या पेट्या उघडल्या जातात, तिनं मोठी झाल्यावर एकच पेटी धरून बसावं, ही अपेक्षा तुम्ही कशी केलीत?

मला सगळंच हवं होतं. घड्याळजीनं एकदा मला बिघडलेलं घड्याळ खेळायला दिलं, ते मी आठवडाभरानं चालू करून परत दिलं. माळ्यानं कलम बांधायला शिकवलं. आपल्या परसातलं ते वाकडं लिंबाचं झाड माझ्या हातचं आहे, तुम्ही त्याचं सरबत जन्मभर प्यालात आणि झाडाला मात्र 'कुसुमचा रिकामा उद्योग' म्हणालात. हुसेनभाई लारीचे ड्रायव्हर. लारी थंड होईपर्यंत ते बोनेट उघडं टाकून बसायचे आणि मला एकेक भाग दाखवायचे. आत्या ओरडायची की पोरीच्या जातीला हे काय. तुम्ही मात्र मला कधी हटकलं नाहीत, हे मला कबूल आहे. तुम्ही एवढंच म्हणायचात, "बघू दे. डाक्टरला समदं यावं लागतं."

डॉक्टर! तुमच्या गादीसमोर थांबलेल्या प्रत्येक गाडीवानाला ही बातमी ऐकावी लागायची. जकातीच्या पावतीबरोबर फुकट. "ही आमची कुसुम. लेडी डाक्टर हुणार." बिचारे गाडीवान बैलांना पाणी दाखवायच्या घाईत असायचे, पण व्हय व्हय म्हणायचे. माझ्या वयाच्या पोरी सासरी नांदायला लागल्या आणि मी तुमच्या हाताला धरून हिंगोलीच्या शाळेत जात होते. लोकांच्या मुली शिकायला मिळत नाही म्हणून रडल्या. मी, तुम्ही शिकवता म्हणून रडले, आणि त्यामुळे मला कुणाचीच सहानुभूती मिळाली नाही.

मग हैदराबाद. मुलींचं वसतिगृह, उर्दूतून शिक्षण, आणि तुमचं दर पंधरवड्याचं पत्र, त्यात शेवटी एकच वाक्य, 'डाक्टर हूनच ये.' मला ते शहर आवडलं, दादा. उर्दू आवडली, माझ्या खोलीतल्या तेलंगी मुलीची भाषा आवडली, चित्रकलेच्या बाई आवडल्या, विणकाम आवडलं, हिशेब आवडला, अगदी शरीरशास्त्रसुद्धा आवडलं. म्हणूनच मी परत आले. त्या वर्षाची परीक्षा पास होऊन परत आले. नापास झाले असते तर तुम्हाला समजलं असतं, चार लोकांना सांगायला एक कारण मिळालं असतं. हिंगोलीला गाडीतून उतरले, हुसेनभाईंच्या लारीत ट्रंक टाकली आणि नाक्यावर येऊन उभी राहिले.

"सुट्टी लागली?" तुम्ही बांबू वर करता करता विचारलं.

"न्हाई दादा. मी आले. परत जात न्हाई."

"काहून? कुनी तकलीफ देली का?"

"कुनीच न्हाई. समदं आवडलं. तेच सांगून राहिले. मला समदंच आवडते. एकाच्या मागं जलम घालवणं मला जमणार न्हाई."

तुम्ही बांबू तसाच हातात धरून उभे राहिलात. मागं गाड्या खोळंबल्या. "समदं आवडते म्हंजे काहीच आवडत न्हाई," तुम्ही म्हणालात आणि बांबू सोडून दिलात. तो हुसेनभाईंच्या बोनेटवर आदळता आदळता राहिला.

त्यानंतर महिनाभर तुम्ही माझ्याशी थेट बोलला नाहीत. ताटावर मी समोर बसलेली असायचे आणि तुम्ही म्हणायचात, "आत्या, तिला सांग भाकर घे." आत्या म्हणायची, "कुसुम, दादा म्हन्तेत भाकर घे." मी म्हणायचे, "आत्या, दादांना सांग, घेतली." मधेच आत्या एकदा ताट सरकवून उठली आणि म्हणाली, "मी काय तारघर हाय का? तुमी बापलेक बोला न्हाईतर उपाशी ऱ्हावा." तेव्हा तुम्हाला हसू आलं. मलाही आलं. पण भांडण तिथंच राहिलं, ते नुसतं झाकलं गेलं.

आता जे आपण कधी बोललो नाही ते बोलते. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते, पण तो दिवस मला आठवतो. बाळंतपण अडलं होतं. तुम्ही घोड्यावर माणूस पाठवून हिंगोलीहून डॉक्टर आणवला. डॉक्टर आला, बॅग घेऊन दारापर्यंत आला, आणि बायका आडव्या आल्या. परका पुरुष बाळंतिणीच्या खोलीत कसा जाईल? डॉक्टर याच ओसरीवर बसला. तो आतल्या बायकांना दाराआडून प्रश्न विचारत होता, त्या लाजत अर्धी उत्तरं देत होत्या. तुम्ही अंगणात उभे होता. दिवस मावळायच्या आत आई गेली आणि लेकरूही गेलं. ज्याच्या शब्दाशिवाय या रस्त्यावरून गाडी हलत नव्हती, त्या माणसाला स्वतःच्या घराच्या उंबऱ्यातून एक माणूस आत नेता आला नाही. तुम्हाला त्या दिवशी काय वाटलं ते मी विचारलं नाही. तुमच्या मनात मला डॉक्टर करायचं तिथून आलं, हे मात्र मला फार लवकर कळलं होतं. बाईमाणसाला कुठल्या उंबऱ्यावर कुणी अडवत नाही.

आणि हे कळूनही मी नाही म्हटलं. आजही म्हणते. आईचं जाणं तुमच्याइतकं मलाही लागलं होतं. पण तिच्या जाण्याची भरपाई करायला म्हणून मी जन्मले नव्हते, आणि हे तुमच्या तोंडावर म्हणायची वेळ कधी आली नाही याचं मला बरं वाटतं. म्हटलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतं, आणि मग अंगणात जाऊन उभे राहिला असतात.

लग्नाच्या वेळी तुम्ही सूड उगवलात, तोही सांगून टाकते. पुसेगावचे सोयरे बघायला आले, त्यांनी विचारलं, "पोरगी काय शिकली?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "अर्धी डाक्टर हाय." सोयरे खूश. त्यामुळे पुसेगावात माप ओलांडल्यापासून बायका पोटदुखी घेऊन माझ्या दारात येतात. 'अर्धी डाक्टरीण' हेच माझं तिथलं नाव. मी त्यांना हिंगोलीच्या दवाखान्यात पाठवते आणि सांगते, माझ्याकडे शिलाईची मशीन बिघडली तर आणा, पेटी शिकायची तर या, पोरींना अक्षरं शिकवायची तर पाठवा, लिंबाचं कलम पाहिजे तर श्रावणात सांगा. आता हळूहळू तेही येतात. माझे मालक म्हणतात, आमच्या घरात सकाळी शाळा, दुपारी कारखाना आणि सांजेला भजन असते. त्यांची तक्रार नाही, त्यांना फक्त जेवण वेळेवर पाहिजे.

आणि तरी, दादा, ती आखातीची, अक्षय्य तृतीयेची दुपार. लढाई चालू होती, पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून लाऱ्यांच्या पाठीला त्या कोळशाच्या भट्ट्या बसवल्या होत्या आणि कोळशाच्या गॅसवर लाऱ्या कशाबशा चालत होत्या. मी माहेरी आले होते. नाक्यावर एक लारी बंद पडून उभी होती. हुसेनभाई तोवर काम सोडून गेले होते. हा ड्रायव्हर नवा, पेट्रोलवर हात बसलेला, गॅसपुढं हतबल. तेवढ्यात तांड्याची बैलगाडी आली. गाडीत गमली, तिचं पहिलटकरणीचं बाळंतपण अडलेलं, तांड्यावरच्या म्हाताऱ्या सुईणीनं हात टेकलेले. बैलांच्या तोंडाला फेस. वाशीमच्या दवाखान्यात बाई डॉक्टर आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं. तुम्ही रिवाजाप्रमाणे गाडीत डोकावलात आणि मागं सरलात. तुमचा चेहरा मी पाहिला.

"दादा, वाशीमपर्यंत बैल न्हाई टिकायचे," मी म्हणाले. "मला लारी बघू द्या."

"बाईनं काय बघायचं हाय तेच्यात?" ड्रायव्हर म्हणाला.

तुम्ही त्याच्याकडे वळलात. "तू गप ऱ्हाय. तिला बघू दे."

धूर गाळायचा डबा मी उघडला. आतला काथ्या राखेनं भरून दगड झाला होता. गॅस इंजिनापर्यंत पोचणार कसा? जुना काथ्या फेकून कोरडा भरायला हवा होता आणि नाक्यावर काथ्या कुठून आणायचा? मग तुमची बाज दिसली. काथ्याच्या दोरीनं विणलेली, तुमची दुपारची.

"सरका दादा."

"काय करून राहिली?"

"बाज उसवून राहिले."

मी पायथ्याकडून विळा घातला. तुम्ही आत गेलात, दुसरा विळा आणलात आणि डोक्याकडून सुरुवात केलीत. आपण दोघांनी ती दोरी सोडली, पिंजली, डब्यात कोंबली. आत्या गमलीच्या कपाळावर पाणी मारत होती आणि तिच्या सासूला धीर देत होती. ड्रायव्हरनं भट्टी पेटवली, मी भट्टीच्या पंख्याचा दांडा फिरवला, हात भरून आले, आणि एकदाची गॅसची ज्योत निळी झाली. इंजिन चालू झालं. गमलीला उचलून लारीत निजवलं, मी तिच्याजवळ बसले. तुम्ही बांबू वर केलात आणि स्वतःही लारीत चढलात. जन्मात पहिल्यांदा नाका उघडा टाकून तुम्ही निघून गेलात. मागं कोण आलं कोण गेलं, कुणी पाहिलं नाही.

वाशीमला दिवस मावळायच्या आत गमलीला मुलगी झाली. दोघी जगल्या. बाई डॉक्टर हात पुसत बाहेर आल्या आणि तुम्ही त्यांच्या पायाच पडायला निघालात, त्या दचकून मागं झाल्या.

येताना लारीत तुम्ही माझ्या शेजारी बसला होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. शाबास म्हणाल. माझी फार इच्छा होती, खरं सांगते. तुम्ही बोललात ते असं, "तू डाक्टर असती तर लारी लागलीच नसती."

मला इतका राग आला! हाताला फोड आले होते, तोंड काजळीनं माखलं होतं. "आन् लारी दुरुस्त करणारं कुनी नसतं तर?" मी म्हणाले. "डाक्टरीण वाशीमला बसून ऱ्हायली असती आन् गमली नाक्यावर मेली असती."

तुम्ही विचार केलात. तुमचा तो गुण होता, भांडतानाही विचार करायचात. "म्हंजे दोघी पायजेत," तुम्ही म्हणालात.

"मंग एक मी झाले. दुसरी तुमी हुडका."

यावर तुम्ही बाहेर बघत बसलात. मला वाटलं, जिंकले. तीन वर्षं मी असंच समजून होते.

तुमच्या या आजारपणात मी उशाशी होते. एका सकाळी ताप उतरला होता, तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "सध्या नवीन काय चाललं तुहं?" असं तुम्ही कधी विचारलं नव्हतं. नेहमी विचारायचात, "आता हे काय काढलं?" मी सांगत सुटले. हळदीच्या पाण्यानं सूत रंगवून बघते आहे, रंग अजून टिकत नाही. पोरींना नकाशा शिकवते आहे. पेटीवर एक नवा राग बसतो आहे. तुम्ही ऐकता ऐकता झोपलात. मला त्याचं काही वाटलं नाही, माझी यादी ऐकून जागं राहणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. तो तुमचा बरा दिवस होता, त्यानंतर तुम्ही फारसं बोलला नाहीत. दादा, घर फार मोकळं वाटतं आहे. कुणी अडवायला नसलं की कुठं निघावं तेच सुचत नाही.

आणि मग काल तेरवीला गमली आली. सोबत ती पोरगी, हिरी, चौथ्या वर्षात आली असेल. गमली माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "आता हिला कोन शिकवीन वं बाई?"

"काय शिकवायचं?"

"दादासाहेब दर बाजाराला तांड्यावर येत व्हते की. हिला आकडे शिकवून राहिले व्हते. आमच्या मालकाकून शब्द घेतला त्यांनी, लवकर लगन लावणार न्हाई म्हून. म्हने, ही डाक्टरीण हुईल. तुमाला ठाव न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. आत्याला ठाऊक होतं, ती पदरात तोंड लपवून बसली. मी आधी हसले, तेरवीच्या पंगतीत, मोठ्यानं, चार बायकांनी वळून पाहिलं. मग मला रडू फुटलं ते आवरेना. म्हणजे लारीत तुम्ही हरला नव्हता. मी चेष्टेत म्हटलेलं तुम्ही हुकूम समजून उचललंत, दुसरी शोधलीत, आणि ज्या पोरीला आपण दोघांनी बाज उसवून जगात आणलं तिच्याच कपाळी डॉक्टरकी लिहून मोकळे झालात! रागही आला, दादा. माझ्या वेळी केलंत तेच पुन्हा. आत्ता तर तिला नीट बोलताही येत नाही.

मी तिला जवळ घेऊन विचारलं, "हिरे, तुला काय आवडते गं?"  ती बुंदी खात होती.

गमलीशी माझं ठरलं आहे. अजून दोन पावसाळे जाऊ दे, मग हिरी पुसेगावला माझ्या घरी राहील, माझ्या दोन लेकरांत तिसरी. तिच्या बापाकडून तुम्ही घेतलेला शब्द मी सुटू देणार नाही. तिनं माझ्याकडे मशीन बघावी, पेटी वाजवावी, मातीत हात घालावा, काय वाटेल ते करावं. थोडी जाणती झाली की मी तिला इथं घेऊन येईन, याच ओसरीवर बसवीन आणि आपलं भांडण तिच्यापुढं मांडीन. माझी बाजू मी मांडीनच, ती मला तोंडपाठ आहे. पण आधी तुमची मांडीन, दादा, एक शब्द न गाळता. डॉक्टर कुठं बसला होता ते दाखवीन, बायका कुठं आडव्या आल्या ते दाखवीन, तुम्ही अंगणात कुठं उभे होता तेही. आणि जिचं नाव तुम्ही रिवाजानं कधी घेतलं नाही आणि तुमच्यासाठी म्हणून आम्हीही या घरात घेतलं नाही, त्या माझ्या आईचं नाव मी मोठ्यानं घेईन. यमुना. मग हिरीला काय व्हायचं ते तिचं तिनं ठरवावं.